सेंट्रल की पॅसिफिक? जपानी बेसबॉलमधली वरचढ लीग कोणती

साकुरा_फलाट (धागाकर्ता)

२०२५ ची जपान सिरीज सॉफ्टबँक हॉक्सने हानशिन टायगर्सना ४-१ हरवून जिंकली आणि एक जुना हिशेब बरोबरीत आला. १९५० पासून दोन्ही लीगच्या प्रतिनिधींमध्ये ही मालिका ७६ वेळा झाली आहे. सेंट्रल लीग ३८, पॅसिफिक लीग ३८.

आकडा दिसायला छान, पण फसवा आहे. त्याचे तीन तुकडे करून बघा. १९५० ते १९७४ : सेंट्रल १७, पॅसिफिक ८. १९७५ ते २००४ : बरोबर १५-१५. २००५ ते २०२५ : सेंट्रल ६, पॅसिफिक १५. म्हणजे एकाच देशात, त्याच शाळांमधून येणाऱ्या पोरांवर चालणाऱ्या दोन लीग, आणि पारडं एका टोकाकडून पार दुसऱ्या टोकाला गेलं. हे कसं झालं, यावर इथे बोलावं म्हणून धागा काढला.

ज्यांना या खेळाची फार ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानमध्ये व्यावसायिक क्लब १२. सेंट्रलमध्ये टोकियोचे योमिउरी जायंट्स, हानशिन टायगर्स, चुनिची ड्रॅगन्स, हिरोशिमा कार्प, याकुल्ट स्वॉलोज आणि योकोहामाचे डीएनए बेस्टार्स. पॅसिफिकमध्ये फुकुओकाचे सॉफ्टबँक हॉक्स, होक्काइदोचे निप्पॉन हॅम फायटर्स, चिबाचे लोट्टे मरीन्स, सेइबु लायन्स, ओरिक्स बफेलोज आणि सेंदाईचे राकुतेन ईगल्स. हंगामभर प्रत्येक लीग मुख्यतः आपापसात खेळते आणि शेवटी जपान सिरीजमध्ये दोघी समोरासमोर येतात.

पहिल्या तुकड्यातले १७ मुख्यतः एकाच क्लबचे आहेत. १९६५ ते १९७३ अशी सलग ९ वर्षं जायंट्स विजेते होते. कावाकामी व्यवस्थापक, संघात ओह सादाहारु आणि नागाशिमा शिगेओ. त्या काळात देशभर टीव्हीवर रात्री जायंट्सचा सामना लागायचा. सेंट्रलचे बाकीचे पाच क्लबही जायंट्सविरुद्धच्या घरच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या पैशांवर जगायचे. पॅसिफिकच्या वाट्याला रिकामी मैदानं यायची. 'लोकप्रियता सेंट्रलची, ताकद पॅसिफिकची' असं तिकडे म्हणायची पद्धत आहे. ती म्हण बराच काळ पॅसिफिकवाल्यांनी स्वतःची घातलेली समजूत होती. २००५ नंतर ती अक्षरशः खरी ठरली.

माझं मत आधीच मांडतो. याचं श्रेय सगळेजण डीएचच्या (पिचरऐवजी वेगळा माणूस बॅटिंग करतो त्या) नियमाला देतात, मला ते पटत नाही. पॅसिफिकच्या क्लबना आयता प्रेक्षक आणि आयता पैसा मिळत नव्हता, म्हणून त्यांना खेळाडू घडवण्याची नवी रीत शोधावी लागली. पाणी तिथे मुरतंय.

---

डावखुरा

धागा उत्तम, पण डीएचला इतक्या सहज बाजूला सारू नका.

नवीन वाचकांसाठी : डीएच म्हणजे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी फक्त बॅटिंग करणारा दहावा खेळाडू. पॅसिफिकने हा नियम १९७५ मध्ये आणला. सेंट्रलमध्ये अजूनही पिचर स्वतः बॅट घेऊन उभा राहतो. आपल्या आयपीएलमधल्या 'इम्पॅक्ट प्लेयर'ने जसा संघाचा तोल बदलला, तसाच काहीसा हा प्रकार आहे. फक्त तिथे तो पन्नास वर्षं चालू आहे आणि तोही अर्ध्याच देशात.

याचा परिणाम पिचरवर बघा. सेंट्रलमध्ये नवव्या क्रमांकावर पिचर येतो, म्हणजे जवळपास फुकटची विकेट. दोन बाद असतील आणि समोर आठवा फलंदाज असेल तर त्याला चालत पहिल्या बेसवर जाऊ द्यायचं आणि पिचरला गाठायचं. पॅसिफिकच्या पिचरला ही सोय नाही. नऊच्या नऊ खरे बॅटर, कुठेही उसंत नाही. त्याला प्रत्येकासाठी जोर लावावा लागतो. तोच पिचर वीस-एकविसाव्या वर्षापासून दर आठवड्याला हे करत असेल तर तो वेगळाच तयार होणार.

दुसरी बाजू व्यवस्थापकाची. सेंट्रलमध्ये सहाव्या इनिंगमध्ये संघ एका धावेने मागे असला आणि पिचरची बॅटिंग आली, की चांगला चाललेला पिचरही काढून बदली बॅटर पाठवावा लागतो. पॅसिफिकमध्ये तो आठवी-नववी इनिंग टाकतो, अडचणीत सापडतो आणि त्यातून बाहेर पडायला शिकतो.

शिवाय बॅटिंगमध्ये एक जागा जास्त. फिल्डिंग कच्ची असलेला पण बॅट जबरदस्त फिरवणारा तरुण पॅसिफिकमध्ये डीएच म्हणून रुळतो. सेंट्रलमध्ये तो बाकावर बसून राहतो.

---

नेवार्ककर

डावखुरा, तुमचं पिचरबद्दलचं विवेचन पटलं. पण धागाकर्त्यानेच दिलेले आकडे पुन्हा बघा. १९७५ ते २००४ या तीस वर्षांत डीएच पॅसिफिककडे होता, तरी निकाल १५-१५. औषध १९७५ ला दिलं आणि गुण २००५ ला आला, असं कसं?

आमच्याकडे अमेरिकेतही हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. अमेरिकन लीगने डीएच १९७३ मध्ये आणला, नॅशनल लीगने कायमचा स्वीकारला तो थेट २०२२ मध्ये. दोन लीगमधले नियमित सामने १९९७ पासून सुरू झाले आणि २००४ ते २०१७ अशी सलग १४ वर्षं अमेरिकन लीग पुढे राहिली. २००६ मध्ये तर १५४ विरुद्ध ९८. हे बघून लोक म्हणतात, बघा, डीएच!

पण त्याच्या आधीचा काळ घ्या. १९६३ ते १९८२ या काळातल्या २० ऑल-स्टार सामन्यांपैकी १९ नॅशनल लीगने जिंकले. यातल्या जवळपास अर्ध्या काळात डीएच अमेरिकन लीगकडे होता, तरीही मार खात होती तीच. कारण वेगळं होतं. १९४७ मध्ये नॅशनल लीगच्या डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतलं, त्यानंतर कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन खेळाडूंना दार उघडण्यात नॅशनल लीगचे क्लब पुढे राहिले. विली मेझ, हँक ऍरन, रोबेर्तो क्लेमेंते, बॉब गिब्सन, सगळे तिथले. अमेरिकन लीगच्या बऱ्याच क्लबनी मात्र दार अडवून धरलं, बोस्टन रेड सॉक्सने तर १९५९ पर्यंत. गुणी माणसं ज्यांनी आधी आत घेतली त्यांची लीग वीस वर्षं वरचढ राहिली.

म्हणून मला वाटतं, जपानमध्येही नियमापेक्षा कुणी कुणाला आत घेतलं आणि कसं घडवलं, हे तपासायला हवं.

---

कोशिएन_कट्टा

कोबेत राहतो, हानशिनचा चाहता आहे, त्यामुळे सेंट्रलची बाजू मांडायला कुणीतरी हवं म्हणून लिहितोय.

२००५ ते २०२५ चे १५ विजय तुम्ही 'पॅसिफिक लीग'च्या नावावर टाकलेत. त्यातले ८ एकट्या सॉफ्टबँकचे आहेत : २०११, २०१४, २०१५, २०१७, २०१८, २०१९, २०२० आणि २०२५. या काळात सॉफ्टबँक जपान सिरीजमध्ये एकदाच हरला, २०२४ मध्ये योकोहामाकडून. सॉफ्टबँकच्या या ९ मालिका बाजूला काढा. उरलेल्या १२ मध्ये पॅसिफिक ७, सेंट्रल ५. हे काही वर्चस्व नव्हे. ही जवळपास बरोबरीची लढत आहे आणि तिच्याशेजारी उभा एक अतिबलाढ्य क्लब आहे.

१९६५ ते १९७३ च्या जायंट्सबद्दल बोलताना आपण 'सेंट्रल लीग बलवान होती' असं म्हणत नाही, जायंट्स बलवान होते असं म्हणतो. मग सॉफ्टबँकला वेगळा न्याय का?

दुसरं, २०२३ चं वर्ल्ड बेसबॉल क्लासिक आठवा. मायामीत अमेरिकेविरुद्धचा अंतिम सामना जपानने ३-२ जिंकला. सुरुवात केली योकोहामाच्या इमानागाने. होमरन दोन, एक याकुल्टच्या मुराकामीचा आणि एक जायंट्सच्या ओकामोतोचा. मधल्या इनिंग टाकणाऱ्यांत जायंट्सचा तोगो, चुनिचीचा ताकाहाशी हिरोतो, जायंट्सचा ताइसेइ. शेवटी मूळचे पॅसिफिकचे दारविश आणि ओहतानी आले हे खरं, पण त्यांच्या हातात सामना नेऊन दिला तो सेंट्रलच्या पोरांनी.

---

साकुरा_फलाट (धागाकर्ता)

कोशिएन_कट्टा, सॉफ्टबँकचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

उरलेले ७ विजय कुणाचे आहेत ते बघा. लोट्टे २००५ आणि २०१०, निप्पॉन हॅम २००६ आणि २०१६, सेइबु २००८, राकुतेन २०१३, ओरिक्स २०२२. सॉफ्टबँक धरून पॅसिफिकचे सहाच्या सहा क्लब या काळात विजेते झाले आहेत. जायंट्सच्या ९ वर्षांत सेंट्रलमधलं दुसरं कुणी जपान सिरीज खेळलंही नव्हतं. २०१० चा लोट्टे तर आपल्या लीगमध्ये तिसरा आलेला संघ होता. तो प्लेऑफमधून वर आला आणि सेंट्रलच्या विजेत्या चुनिचीला हरवून गेला. लीगमधला तिसरा संघ असं करतो तेव्हा एकट्या अव्वल क्लबच्या जोरावर ते सांगता येत नाही.

पण जपान सिरीज म्हणजे वर्षाला फार तर सात सामने, त्यावरून सहा क्लबच्या लीगचं माप काढणं अवघडच. त्यासाठी इंटरलीग सामने जास्त उपयोगाचे. २००५ पासून, २०२० सोडून, दरवर्षी मे-जूनमध्ये प्रत्येक क्लब दुसऱ्या लीगच्या सहाही क्लबशी खेळतो. सुरुवातीला प्रत्येकी ३६ सामने होते, २००७ पासून २४, २०१५ पासून १८. म्हणजे आता एका हंगामात एकूण १०८ सामने. २००५ ते २०१९ या १५ हंगामांत सेंट्रल एकदाच पुढे होती, २००९ मध्ये, आणि तेही ७०-६७ अशा काठावर. २०१० मध्ये इंटरलीगच्या तक्त्यात पहिले सहाही क्लब पॅसिफिकचे होते, सेंट्रलचे सहा खाली सातव्यापासून बाराव्यापर्यंत. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडलं.

एक क्लब तक्त्यात पहिला येऊ शकतो. पहिल्या सहाही जागा तो एकटा अडवू शकत नाही.

मधल्या काळात सेंट्रल सावरत होती हेही सांगायला हवं. २०२१ मध्ये १२ वर्षांनी ती इंटरलीगमध्ये पुढे गेली आणि त्याच वर्षी याकुल्टने ओरिक्सला हरवून जपान सिरीजमधला सेंट्रलचा सलग ८ वर्षांचा दुष्काळ संपवला. २०२३ ला हानशिन, २०२४ ला योकोहामा. तेव्हा वाटलं होतं की दरी भरली. २०२५ च्या तक्त्याने ते गणित पुन्हा उलटवलं.

---

पायरीवरचा_प्रेक्षक

मी या खेळात अगदी नवीन, आताच बदलीवर टोकियोला आलेय. एक साधी शंका. १९५० पासून दोन लीग आहेत तर आपापसातले सामने थेट २००५ लाच का सुरू झाले? आधी कुणाला सुचलं नाही?

---

साकुरा_फलाट (धागाकर्ता)

ताई, सुचलं होतं, पण सेंट्रलच्या क्लबना नको होतं. आपले जायंट्सविरुद्धचे घरचे सामने कमी करून लोट्टे किंवा सेइबुशी कोण खेळणार? तो थेट पैशाचा तोटा होता.

ते बदललं २००४ च्या संकटामुळे. त्या जूनमध्ये बातमी आली की ओसाकाचा किंतेत्सु बफेलोज आणि कोबेचा ओरिक्स ब्लूवेव्ह विलीन होणार. पाठोपाठ पॅसिफिकमध्येच आणखी एका विलीनीकरणाची आणि दोन्ही लीग मिळून एकच छोटी लीग करण्याची बोलणी सुरू झाली. म्हणजे पॅसिफिक लीग इतिहासजमा व्हायची वेळ आली होती. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष तेव्हा याकुल्टचा कॅचर फुरुता आत्सुया. सेंट्रलचा खेळाडू असूनही तो पॅसिफिकच्या खेळाडूंसाठी ठाम उभा राहिला. दिवसा मालकांशी वाटाघाटी आणि संध्याकाळी मैदानावर विकेटकीपिंगसारखंच दमछाक करणारं काम. १८ आणि १९ सप्टेंबर २००४ ला जपानी व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला पहिला संप झाला. सामने बंद, तरीही चाहते खेळाडूंच्या बाजूने होते.

शेवटी ते विलीनीकरण झालं, पण एकत्र लीगचा बेत मोडला. सेंदाईला राकुतेन हा नवा क्लब मिळाला आणि त्याच तडजोडीत २००५ पासून इंटरलीग सामने आले. कर्जात बुडालेल्या दाइएइकडून हॉक्स सॉफ्टबँकने घेतले तेही याच सुमारास.

म्हणून मी २००५ ला रेघ मारली. तोपर्यंत पॅसिफिकचे बरेच क्लब मालक कंपनीचा जाहिरातखर्च म्हणून तोट्यात चालायचे. रेल्वे कंपन्यांचे बरेच क्लब ओसाका-कोबे परिसरात दाटीवाटीने, आणि तिथला प्रेक्षक आधीच हानशिनने बांधून ठेवलेला. हळूहळू पॅसिफिकचे क्लब पांगले. हॉक्स १९८९ मध्ये फुकुओकाला गेले, लोट्टे १९९२ मध्ये कावासाकीहून चिबाला, निप्पॉन हॅम २००४ मध्ये टोकियोहून साप्पोरोला. जिथे दुसरा क्लब नव्हता तिथे जाऊन त्यांनी आपली माणसं जोडली. सहाही क्लबनी मिळून सामन्यांच्या ऑनलाइन प्रक्षेपणासाठी सामायिक कंपनी काढली. जगण्यासाठी हे करावंच लागलं, आणि त्यातून पहिल्यांदा खेळाडूंवर घालायला स्वतःचा पैसा उभा राहिला.

---

जुना_योकोहामा

वयाने इथल्या बऱ्याच जणांपेक्षा मोठा आहे. ऐंशीच्या दशकात कंपनीच्या कामानिमित्त तिकडे बरीच वर्षं काढली. आकडेवारी तुम्हा मंडळींची चोख आहे, मी दोन प्रसंग सांगतो. पॅसिफिकची ताकद २००५ ला उगवली असं माझ्या पिढीला कधीच वाटणार नाही.

पहिला १ नोव्हेंबर १९८७ चा. सेइबु विरुद्ध जायंट्स, मालिकेचा सहावा सामना, तोकोरोझावाला. सेइबु २-१ ने पुढे, आठवी इनिंग, दोन बाद. पहिल्या बेसवर त्सुजी. आकियामाने सेंटरला साधा सिंगल मारला. अशा फटक्यावर पहिल्या बेसवरचा धावणारा तिसऱ्यापर्यंत गेला तरी खूप. जायंट्सचा सेंटर फिल्डर क्रोमार्टी, त्याने चेंडू उचलून सावकाश, उंच असा शॉर्टस्टॉप कावाईकडे टाकला. कावाईने चेंडू घेतला आणि बॅटर दुसऱ्या बेसकडे निघतोय का ते बघितलं. तेवढ्यात तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक इहारा हात गरागरा फिरवतोय आणि त्सुजी न थांबता तिसरा बेस ओलांडून होमकडे सुटलाय. कावाईने मान वळवली तोपर्यंत धाव झालेली.

याच सामन्यात दुसऱ्या इनिंगमध्ये कियोहारा सेंटरच्या उंच झेलावर दुसऱ्या बेसवरून थेट होमला आला होता. चेंडू घेणारा क्रोमार्टीच. सेइबुने त्याचा थ्रो आधीपासून हेरून ठेवला होता, डोळ्यांत तेल घालून. सामना ३-१, मालिका ४-२. टोकियोतल्या माझ्या जायंट्सवेड्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये 'क्रोमार्टी आळशी' एवढंच म्हणून विषय संपवला. मला मात्र वाटलं होतं की एका संघाने दुसऱ्याचा अभ्यास केलाय आणि दुसऱ्याने केलेला नाही. मोरी मासाआकीच्या त्या सेइबुने १९८६ ते १९९४ या ९ वर्षांत ८ वेळा लीग आणि ६ वेळा जपान सिरीज जिंकली. १९९० ला तर जायंट्सना ४-० ने धुतलं.

दुसरा प्रसंग १९८९ चा, आणि तो तुमच्या विषयाच्या थेट गाभ्यातला. किंतेत्सुने जायंट्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले. तिसऱ्याचा विजयी पिचर कातो तेत्सुरो. सामन्यानंतर त्याच्या तोंडी असं घातलं गेलं की जायंट्स हे लोट्टेपेक्षाही कमजोर आहेत. लोट्टे त्या वर्षी पॅसिफिकमध्ये शेवटचा. तो नेमकं तसं बोललाच नव्हता, पण वाक्य देशभर झालं. एका लीगचा तळाचा संघ दुसरीच्या विजेत्यापेक्षा भारी, याहून मोठा अपमान काय असणार? जायंट्सनी पुढचे चारही सामने जिंकले. सातव्यात कोमादाने होमरन मारला तो त्याच कातोला.

त्या दिवसांत कावासाकीला लोट्टेचा सामना बघायला गेलं तर हवं तिथे पाय पसरून बसावं, अशी अवस्था. तेच मैदान एकदाच तुडुंब भरलेलं ऐकलं-पाहिलं, १९ ऑक्टोबर १९८८ ला, तेही पाहुण्या किंतेत्सुसाठी. एकाच दिवशी दोन सामने, दोन्ही जिंकले तर लीग त्यांची. पहिला जिंकला, दुसरा ४-४ असा बरोबरीत सुटला आणि लीग सेइबुला गेली. टीव्हीने नेहमीचे कार्यक्रम बाजूला ठेवून तो दाखवला होता. खेळ उत्तमच होता, बघणारं कुणी नव्हतं.

---

नेवार्ककर

काका, क्रोमार्टीचा किस्सा इतक्या तपशिलात पहिल्यांदा वाचला. असंच लिहीत राहा.

---

तळेगाव_ते_चिबा

लोट्टेचा चाहता, त्यामुळे २००५ चा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. हानशिनविरुद्ध १०-१, १०-०, १०-१ आणि ३-२. बेरीज ३३-४. पहिला सामना तर धुक्यामुळे सातव्या इनिंगमध्येच थांबवावा लागला.

पण मुद्द्याचं बोलतो : नेवार्ककर म्हणाले तसं 'कुणी कुणाला आत घेतलं' हे बघायचं तर ड्राफ्ट बघा. शाळा-कॉलेजमधल्या खेळाडूंची निवड ड्राफ्टमधून होते आणि पहिल्या फेरीत एकाच खेळाडूला अनेक क्लबनी मागितलं तर चिठ्ठ्या टाकतात. लोक म्हणतात पॅसिफिकचं नशीब जोरावर. मात्सुझाका सेइबुला, तानाका मासाहिरो राकुतेनला, किकुची युसेइ सेइबुला, सगळे चिठ्ठीनेच.

चिठ्ठी निघायला आधी ती टाकावी लागते. २०१९ चा ड्राफ्ट घ्या. शाळकरी वयात १६० किमीच्या वर वेग गाठणारा सासाकी रोकी उपलब्ध होता. वेग अफाट, पण अंग अजून भरलेलं नाही, घडवायला वर्षं लागणार हे उघड होतं. त्याला चार क्लबनी मागितलं : निप्पॉन हॅम, राकुतेन, सेइबु, लोट्टे. चारही पॅसिफिकचे. जायंट्स, हानशिन आणि याकुल्ट यांनी ओकुगावाला मागितलं, तो तेव्हा जास्त तयार वाटत होता. चिठ्ठी आमची निघाली. लोट्टेने पहिल्या वर्षी सासाकीला वरच्या संघातून एकही सामना खेळवला नाही, नुसतं शरीर घडवलं. १० एप्रिल २०२२ ला, विसाव्या वर्षी, त्याने ओरिक्सविरुद्ध परफेक्ट गेम टाकला. एकही बॅटर बेसवर पोचला नाही, १९ स्ट्राइकआउट, त्यातले १३ सलग.

निप्पॉन हॅमचं धोरण तर उघडच आहे : त्या वर्षीचा सर्वांत चांगला खेळाडू मागायचा, तो यायला तयार असो वा नसो. २०११ ला सुगानोला मागितलं. त्याचे मामा हारा तेव्हा जायंट्सचे व्यवस्थापक, त्याने नकार देऊन वर्ष बसून काढलं. हात पोळला तरी २०१२ ला पुन्हा तेच. ओहतानीने थेट अमेरिकेला जाणार असं जाहीर केल्यामुळे बाकी अकरा क्लब मागे सरले, निप्पॉन हॅमने एकट्याने मागितलं आणि पिचिंग-बॅटिंग दोन्ही करू देण्याची योजना मांडून त्याचं मन वळवलं. २०१६ मध्ये त्याने १० विजय आणि २२ होमरन केले, निप्पॉन हॅम विजेता झाला.

आणि नशिबाचा प्रश्नच नाही अशी उदाहरणं : यामामोतो योशिनोबु ओरिक्सने २०१६ मध्ये चौथ्या फेरीत घेतला. चौथ्या! पुढे २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं सावामुरा पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान.

---

फुकुओका_डबा

सॉफ्टबँकबद्दल इथे 'पैसेवाला क्लब' असा सूर दिसतोय म्हणून दोन ओळी. पैसा आहेच. जायंट्सकडेही होता आणि आहे. फरक तो कुठे घातला यात आहे. बाकीच्यांकडे वरचा संघ आणि राखीव संघ असताना सॉफ्टबँकने २०११ मध्ये तिसरा संघ काढला, २०२३ पासून चौथा. चिकुगोला राखीव खेळाडूंसाठी स्वतंत्र केंद्र बांधलं.

२०१० च्या ड्राफ्टमधली प्रशिक्षणार्थी खेळाडूंची यादी बघा. हे मुख्य ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेले, अगदी थोड्या पगारावरचे. चौथ्या क्रमांकावर सेंगा कोदाई, पाचव्यावर माकिहारा, सहाव्यावर काई ताकुया. सेंगा पुढे न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. काई जपानचा नावाजलेला कॅचर, २०१८ च्या जपान सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू, हिरोशिमाचे धावपटू त्याने एकामागून एक बेसवर टिपले. अकरा क्लबनी बघून न बघितल्यासारखं केलेली ही पोरं होती.

---

डावखुरा

ड्राफ्ट आणि राखीव संघाचं सगळं मान्य. पण २०२० ची मालिका टाळून कसं चालेल? सॉफ्टबँकने जायंट्सना ५-१, १३-२, ४-०, ४-१ हरवलं. आदल्या वर्षीही ४-०, म्हणजे लागोपाठ आठ पराभव. त्यानंतर डीएचची मागणी कुणी केली? खुद्द जायंट्सच्या हारांनी. ज्यांनी मार खाल्ला त्यांनाच कारण दिसत होतं.

आणि १५-१५ चं उत्तर माझ्याकडे आहे. १९८४ पर्यंत जपान सिरीजमध्ये डीएच नव्हताच. १९८७ पासून तो पॅसिफिकच्या मैदानांवरच. शिवाय नियमाने पिचर एका रात्रीत बदलत नाहीत. त्या नियमाखाली वाढलेल्या पिचरसमोर बॅटर वाढतात, त्या बॅटरसमोर पुढचे पिचर. चक्र फिरायला पिढी जाते.

---

कोशिएन_कट्टा

२०२० च्या मालिकेत सगळ्या सामन्यांना दोन्ही बाजूंना डीएच होता. नियम सारखा करूनही जायंट्सना चार सामन्यांत मिळून ४ धावा. डीएचची जागा हातात देऊनही ती भरायला माणूस नव्हता, असं यातून दिसतं. हे तुमच्या बाजूने जातं की धागाकर्त्याच्या, तुम्हीच सांगा.

---

डावखुरा

दोघांच्याही. जागाच नसेल तर असा माणूस क्लब घडवतच नाही. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही.

---

साकुरा_फलाट (धागाकर्ता)

डावखुरा, पिढी लागते हा मुद्दा मी बाजूला सारत नाही. फक्त माझ्या मते डीएचने पॅसिफिकला संधी दिली, आणि तिचा उपयोग करण्याची कुवत २००४ नंतरच्या धडपडीतून आली. हे तपासायची वेळही आता येतेय. सेंट्रलने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं की २०२७ पासून तिथेही डीएच असेल. शालेय बेसबॉलमध्ये तो २०२६ च्या वसंतातल्या कोशिएन या राष्ट्रीय शालेय स्पर्धेपासूनच आहे. म्हणजे नियमाचा फरक पुसला जाणार.

तुमचं म्हणणं खरं असेल तर २०२७ नंतर दरी हळूहळू बुजायला हवी, १०-१५ वर्षांत. माझं खरं असेल तर ज्या सेंट्रल क्लबनी खेळाडू घडवण्याची पद्धत बदलली तेवढेच वर येतील आणि बाकीचे डीएच असूनही तिथेच राहतील. मी इंटरलीगच्या तक्त्यात सेंट्रलचे सहा क्लब एकमेकांपासून किती फाकतात ते बघणार आहे. लीगची एकत्र बेरीज त्यापुढे दुय्यम.

---

कोशिएन_कट्टा

मग हानशिनवर लक्ष ठेवा. २०२५ ची मालिका ४-१ दिसते, पण शेवटचे तीनही सामने आम्ही एकेका धावेने हरलो. पाचव्यात आठव्या इनिंगपर्यंत २-० पुढे होतो. पिचर इशिई दाइची, हंगामात सलग ५० सामने एकही धाव न दिलेला, ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत घेतलेला, स्वतंत्र लीगमधून वर आलेला. यानागिताने त्याला पहिल्याच चेंडूवर विरुद्ध दिशेला होमरन मारून बरोबरी केली आणि अकराव्या इनिंगमध्ये नोमुराच्या होमरनने सामना गेला. आठव्या फेरीतून इशिईसारखे काढणारा क्लब सेंट्रलमध्येही आहे. २०२७ ला डीएचच्या जागी आम्ही कुणाला उभं करतो ते इथेच येऊन लिहीन.

---

पायरीवरचा_प्रेक्षक

सगळ्यांचे आभार, पूर्ण धागा दोनदा वाचला. जूनमध्ये याकुल्टच्या घरच्या जिंगू मैदानावर इंटरलीगचा एक सामना बघायचा ठरवलाय. पॅसिफिकचा कुठला क्लब समोर असेल तेव्हा जावं?

---

जुना_योकोहामा

कुठलाही चालेल, बाई. पण पाहुण्यांच्या बाजूच्या स्टँडमध्ये बसा आणि त्यांचा तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक आउटफिल्डरचे थ्रो कसे बघतो तेवढं पाहा.